सिबाओ खोऱ्यांतील चिरूट

तंबाखू मराठी माणसास परकी वाटत नाहीं. पानाच्या चंचींत, विडीच्या कट्ट्यांत आणि शेतकऱ्याच्या कनवटीस तिनें असें घर केलें आहे कीं, ही वनस्पति मूळची या देशाची नव्हे, ती पोर्तुगीजांच्या गलबतांतून पश्चिम किनाऱ्यास उतरली, याची आठवणहि पुष्कळांस होत नाहीं. येतांना तिनें आपलें नांव मात्र बरोबर आणलें. पोर्तुगीजांच्या 'तबाकु'वरून आपला 'तंबाखू' शब्द रुळला, आणि त्या शब्दाचें मूळ सामान्यतः कॅरिबियन समुद्रांतील बेटांकडे दाखविण्यांत येतें. त्याच बेटांपैकीं एकावर या पानाच्या ठायीं मनुष्याच्या हातानें एक विशेष कला उतरविली आहे. डोमिनिकन प्रजासत्ताकांतील हातवळणीचा चिरूट ही ती कला होय. तिची चव, तिची घडण व तिची परंपरा यांचा परिचय करून द्यावा, हा या भाषणाचा हेतु आहे. चिरूट ओढावा कीं ओढूं नये, या प्रश्नाचाहि विचार शेवटीं करावा लागेल. कारण तो टाळून केलेलें कौतुक प्रामाणिक ठरणार नाहीं.

क्यूबाच्या पूर्वेस हिस्पानिओला नांवाचें बेट आहे. आकारानें तें त्या समुद्रांत क्यूबाच्या खालोखाल. त्याच्या पश्चिम भागांत हैती व पूर्वेकडील मोठ्या भागांत डोमिनिकन प्रजासत्ताक, अशीं दोन स्वतंत्र राष्ट्रें नांदतात. १४९२ च्या डिसेंबरांत कोलंबस या बेटावर उतरला, तेव्हां तेथें ताइनो नांवाचे लोक राहत होते. तंबाखूचा धूर घेण्याची रीति त्यांच्यांत फार जुनी होती. देवतांच्या पूजेंत आणि रोग्यांच्या उपचारांत तिला स्थान होतें. ओव्हिएदो या स्पॅनिश इतिहासकारानें १५३५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या रीतीचें वर्णन केलें आणि दुर्व्यसन म्हणून तिला नांवेंहि ठेवलीं. दैवाची गति अशी कीं, त्याच्याच देशबांधवांनीं पुढें तें पान उचललें, आणि ताइनो लोक मात्र तरवारीला, वेठीला व परक्या रोगांना बळी पडून थोड्याच दशकांत जवळजवळ नाहींसे झाले. त्यांची भाषा गेली, त्यांचे देव गेले. पानाची लागवड तेवढी मागें राहिली.

या देशाच्या उत्तरेस सिबाओ नांवाचें खोरें आहे. दोन्ही अंगांस डोंगरांच्या रांगा, मधून वाहणारी याके देल नोर्ते नदी आणि नदीकांठीं वसलेलें सान्तियागो शहर, असा त्याचा थाट आहे. तांबोरिल, विया गोन्सालेस, नावारेते हीं त्या शहराच्या आसपासचीं गांवें तंबाखूवरच वाढलीं. खोऱ्याच्या पूर्वेस पाऊस अधिक, पश्चिमेस कमी. चार कोसांवर मातीचा पोत बदलतो आणि त्याबरोबर पानाचा गुणहि बदलतो. एकाच बियाण्याचें पान एका गांवीं सौम्य उतरतें, तर दुसऱ्या गांवीं तिखट.

या तंबाखूचें महत्त्व कळण्यास तिची उंसाशीं तुलना करून पाहावी. उंसाला विस्तीर्ण जमीन, गिरणी, भांडवल आणि मजुरांचे तांडे लागतात. १८७० नंतर देशाच्या दक्षिण किनाऱ्यावर जे साखरेचे कारखाने उभे राहिले, ते अशाच धनिकांचे होते. तंबाखूला एवढा पसारा लागत नाहीं. जमिनीचा लहानसा तुकडा, घरचीं माणसें आणि कांहीं महिन्यांची मेहनत, एवढ्या भांडवलावर सिबाओंतील कुणब्याच्या हातीं रोख पैसा येई. पेद्रो फ्रान्सिस्को बोनो (१८२८–१९०६) या डोमिनिकन विचारवंतानें १८८१ सालीं आपल्या देशांतील श्रमजीवी वर्गांविषयीं लिहितांना ही गोष्ट नेमकी हेरली. तंबाखू ही लोकशाही वृत्तीची, तर कोको हा मूठभरांचें वर्चस्व वाढविणारा, असा भेद त्यानें केला आणि तंबाखूला राष्ट्राच्या जनकाचा मान दिला.

हा मान नुसता अलंकार नव्हता. १८५७ सालीं अध्यक्ष बायेस यांच्या सरकारनें भरमसाट कागदी नोटा छापून त्यांच्या मोबदल्यांत सिबाओची तंबाखू उचलली. नोटांची किंमत कोसळली, शेतकरी व व्यापारी दोघेहि बुडाले, आणि त्या वर्षींच्या जुलईंत सान्तियागो शहरानें सरकारविरुद्ध उठाव केला. पुढें १८६१ सालीं देश पुन्हां स्पेनच्या ताब्यांत गेला, तेव्हां १८६३ ते १८६५ पर्यंत जें स्वातंत्र्याचें युद्ध झालें, त्याचें तात्पुरतें सरकार सान्तियागो येथेंच होतें आणि त्याला तंबाखूच्या व्यापाराचा मोठा आधार होता. पान गरिबाचें होतें, परंतु त्याच्या बळावर राज्यें हाललीं.

असें असूनहि बाजारांत या पानाची प्रतिष्ठा बेताचीच होती. ताडाच्या जातीच्या झाडांच्या पात्यांत बांधलेले गठ्ठे खेचरांच्या पाठीवर लादून डोंगरापलीकडे पुएर्तो प्लाता बंदरास नेत. १८९७ सालीं तेथपर्यंत आगगाडी सुरू झाली. बंदरांतून माल हांबुर्ग व ब्रेमेन या जर्मन शहरांकडे जाई आणि तेथें स्वस्त चिरुटांच्या गाभ्यांत खपे. क्यूबाचें नांव घेतांच शौकिनांचे डोळे चमकत. सिबाओचें नांव कोणी विचारीत नसे. हलकें मानलेलें हें पान थोरपणास कसें चढलें, हाच या कथेचा गाभा आहे.

त्याचा आरंभ लहान झाला. ३ ऑक्टोबर १९०३ रोजीं एदुआर्दो लेओन हिमेनेस या गृहस्थानें तांबोरिलजवळील ग्वासुमाल या खेड्यांत मोजक्या कारागिरांनिशीं 'ला अउरोरा' नांवाचा कारखाना काढला. 'अउरोरा' म्हणजे पहांट. आपल्या मातींतलें पान परदेशीं कच्चा माल म्हणून धाडण्यापेक्षां तें येथेंच वळावें, असें हें धोरण होतें. तो कारखाना आजहि चालूं असून त्या देशांतील चिरुटांच्या कारखान्यांत सर्वांत जुना म्हणून ओळखला जातो.

दुसरें वळण शेजारच्या देशांतील क्रांतीनें दिलें. १९५९ सालीं क्यूबांत सत्तांतर झालें, १९६० सालीं तेथील तंबाखूचा धंदा सरकारनें ताब्यांत घेतला, आणि १९६२ च्या फेब्रुवारींत अमेरिकेनें क्यूबाच्या मालास आपलीं बंदरें बंद केलीं. पिढ्यान्‌पिढ्या तंबाखूंत मुरलेलीं क्यूबन कुटुंबें देशोधडीस लागलीं. कांहीं निकाराग्वांत व होंडुरासमध्यें गेलीं, तर कांहीं सिबाओंत आलीं. त्यांच्याबरोबर क्यूबाचें बियाणेंहि आलें. तें येथें 'पिलोतो कुबानो' या नांवानें रुजलें आणि जुन्या देशी 'ओलोर डोमिनिकानो'च्या शेजारीं डोलूं लागलें. १९६२ सालींच डोमिनिकन सरकारनें तंबाखूसाठीं स्वतंत्र संस्था स्थापिली. परक्यांचें कौशल्य आणि घरच्यांची माती यांचा येथें संगम झाला. परंतु कारागीर सिबाओंतीलच होते, आणि त्यांनीं ही विद्या पाहतां पाहतां आत्मसात केली.

आतां या विद्येचें स्वरूप पाहूं. तंबाखूचें बीं इतकें बारीक असतें कीं, तें चिमटींत धरलें तरी शेंकडों रोपें हातीं आल्यासारखें होतें. वाफ्यांत तरवा टाकून सुमारें दीड महिन्यानें, पावसाळा सरत आला म्हणजे रोपें शेतांत लावतात. मग शेंडा खुडणें, बगलफूट काढणें, किडींवर नजर ठेवणें, अशी रोजची शुश्रूषा सुरू होते. शेंडा खुडल्यानें झाडाची शक्ति फुलांकडे न जातां पानांत उतरते. तोडणी खालून वर होते. बुडख्याकडील पानें पातळ व सौम्य असून चांगलीं जळतात. त्यांस 'व्होलादो' म्हणतात. मधल्या 'सेको' पानांत सुगंध असतो. शेंड्याकडील 'लिखेरो' पानांनीं सूर्याचा ताप सर्वांत अधिक सोसलेला असतो. तीं जाड, तेलकट व जहाल असतात. झाड एकच, परंतु त्याच्या तीन मजल्यांवर तीन स्वभाव राहतात.

तोडलेलीं पानें दोऱ्यांत ओंवून उंच छपरांच्या कोठारांत काठ्यांवर टांगतात. हिरव्या पानांत चारपंचमांशांहून अधिक पाणी असतें. तें घाईनें निघालें तर पान हिरवेंच वाळून मरतें. फार रेंगाळलें तर कुजतें. म्हणून कोठाराचीं दारें हवा पाहून उघडावीं व मिटावीं लागतात. हिरवा रंग पिवळा होतो, पिवळ्याचा तपकिरी होतो, आणि सहासात आठवडे लोटतात.

यानंतरचा संस्कार सर्वांत महत्त्वाचा. वाळलेल्या पानांच्या जुड्या एकावर एक रचून पुरुषभर उंचीची रास करतात. दाब आणि ओल यांमुळें राशीच्या पोटांत आपोआप उष्णता उत्पन्न होते. ती मर्यादेबाहेर जाऊं लागली कीं रास मोडून आंतलीं पानें बाहेर व बाहेरचीं आंत घालून ती पुन्हां रचावयाची. या वेळीं नवसागरासारखा उग्र वास सुटतो, तो पानांतला अमोनिया होय. तो निघून जातो, कडवटपणा ओसरतो, रंग गडद होतो, आणि कच्च्या पानांत ज्याचा मागमूसहि नव्हता तो सुगंध प्रकट होतो. मुरवण कळणाऱ्या महाराष्ट्रीय गृहिणीस या क्रियेचें नवल वाटूं नये. लोणचें जसें बरणींत घडतें, तशी तंबाखू राशींत घडते. तेथून पुढें पानें गठ्ठ्यांत बांधून वर्ष, दोन वर्षें, कधीं त्याहूनहि अधिक काळ स्वस्थ ठेवतात.

याच ठिकाणीं 'आंदुयो' या जुन्या डोमिनिकन प्रकाराचा उल्लेख केला पाहिजे. कोकणांत पोफळीची विरी असते, तशीच तेथील राजताडाच्या पात्याच्या बुडाशीं रुंद, चिवट विरी असते. तींत तंबाखू गुंडाळून वरून दोरखंडानें करकचून आवळतात आणि पुन्हां पुन्हां आवळीत राहतात. कांहीं काळानें आंतील पानें एकजीव होऊन लाकडासारखी कठीण कांडी तयार होते. खेडूत ती सुरीनें कापून चिलमींत भरतात. चिरुटाची कीर्ति जगभर झाली. परंतु सिबाओंतील म्हाताऱ्यांच्या दृष्टीनें घरची चव ती हीच.

चिरुटाचीं तीन अंगें. त्यांचीं स्पॅनिश नांवें मोठीं बोलकीं आहेत. गाभ्याला 'त्रिपा', म्हणजे आंतडीं, म्हणतात. त्याला बांधून धरणाऱ्या पानाला 'कापोते', म्हणजे जाड डगला. आणि सर्वांत वरच्या तलम पानाला 'कापा', म्हणजे अंगावरील शेला. कारखान्यांत बहुधा दोघांची जोडी काम करते. एकजण गाभ्याचीं लांब पानें मुठींत जुळवितो व त्यांवर बांधणीचें पान चढवितो. यांतच खरी परीक्षा आहे. जहाल 'लिखेरो' पान सावकाश जळतें, म्हणून तें मधोमध यावें लागतें. पानें पिळलीं गेलीं तर धूर अडतो, सैल राहिलीं तर चिरूट तापून कडू होतो. बोटांना जें कळतें तें शब्दांत सांगतां येत नाहीं, म्हणून ही विद्या शेजारीं बसूनच शिकावी लागते. तयार कांडी लांकडी साच्यांत घालून दाबतात आणि मध्यें एकदां फिरवितात, म्हणजे कडेला वळ उमटत नाहीं.

मग दुसऱ्या कारागिराची पाळी. शेल्याच्या पानाची मधली शीर काढली म्हणजे डावा व उजवा असे दोन अर्धे निघतात. दोहोंच्या शिरांची दिशा उलट, म्हणून ते उलटसुलट दिशांनीं गुंडाळावे लागतात. अर्धचंद्राकृति पात्यानें, ज्यास 'चावेता' म्हणतात, पान कापून कारागीर तें कांडीवर असें फिरवितो कीं, सांधा डोळ्यांस दिसूं नये. शेवटीं त्याच पानाची वाटोळी चकती बेचव डिंकानें टोंकास चिकटविली कीं टोपी बसली. जोडी दिवसाकाठीं दोनतीनशें चिरूट वळते, आणि शेवटचा चिरूट पहिल्याशीं ताडून पाहिला तर लांबी, जाडी व वजन यांत फरक आढळतां कामा नये.

वळलेले चिरूट लांकडी कपाटांच्या खोलींत कांहीं आठवडे किंवा महिने विसांवतात. या लांकडास तिकडे 'सेद्रो' म्हणतात. परंतु तो हिमालयांतील देवदार नव्हे. तें झाड निंबाच्या कुळांतलें असून आपल्या तुणीचा जवळचा आप्त आहे. त्याचा मंद सुगंध चिरुटांत उतरतो. शेवटीं रंगाप्रमाणें निवड करून एका पेटींत एकाच छटेचे चिरूट मांडतात.

आतां चवीविषयीं. जाणकार मनुष्य चिरुटाचा धूर छातींत ओढीत नाहीं. तो तोंडांत खेळवून सोडून देतो. टोपीचा लहानसा तुकडा कापून, टोंक ज्योतीपासून किंचित् दूर धरून तें हळूहळू शेकतो. मिनिटास एखादा झुरका, याहून घाई केली तर पान तापतें व बेचव होतें. चांगला जाड चिरूट तासभर पुरतो. डोमिनिकन चिरुटाचा लौकिक त्याच्या सौम्यपणाबद्दल आहे. प्रथम सायीसारखा मऊपणा, मग भाजलेल्या बदामाची किंवा कोरड्या लांकडाची आठवण, 'ओलोर' पानाचा हलका, कोरडा सुवास, आणि 'पिलोतो' अधिक असल्यास जिभेच्या कडेस मिऱ्याची चुणूक, असा त्याचा क्रम असतो. उत्तरार्धांत चव गडद होत जाते, कारण जळत्या भागांतील तेलें व अर्क उरलेल्या भागांत सांचत जातात. राख घट्ट व एकसारखी राहिली तर वळणाऱ्याचा हात चांगला, असें समजावें.

एका बाबतींत मात्र सिबाओवर बराच काळ उणेपणाचा शिक्का होता. वरच्या शेल्याचें तलम, निर्दोष पान या देशांत पिकणार नाहीं, अशी समजूत होती. तें कनेटिकट, कॅमेरून किंवा एक्वादोर येथून आणवीत. फुएंते नांवाच्या कुटुंबानें ही समजूत खोटी ठरविली. या घराण्याचा धंदा १९१२ सालीं फ्लोरिडांत सुरू झाला; पुढें निकाराग्वांतील यादवींत त्यांचा कारखाना जळाला, आणि १९८० सालीं ते सान्तियागोंत येऊन नव्यानें उभे राहिले. बोनाओ गांवाजवळील शेतांत त्यांनीं शेल्याचें पान पिकविलें आणि सर्वस्वीं डोमिनिकन पानांचा चिरूट १९९५ सालीं बाजारांत आणला. १९९८ च्या सप्टेंबरांत 'जॉर्जेस' नांवाच्या तुफानानें त्यांचीं कोठारें पाडलीं. तीं पुन्हां बांधलीं गेलीं. आज हातवळणीच्या चिरुटांत डोमिनिकन प्रजासत्ताकाची गणना जगांतील अग्रगण्य देशांत होते. हांबुर्गच्या बाजारांत ज्याला कोणी विचारीत नव्हतें, त्याच्यासाठीं आज शौकीन पेटीला मागतील ती किंमत मोजतात. माती तीच होती. तिच्यावर खर्च केलेला काळ आणि हातांची शिस्त तेवढी वाढली.

येथें दुसरी बाजूहि मांडली पाहिजे. चिरुटाचा धूर छातींत घेतला नाहीं तरी तो निरुपद्रवी होत नाहीं. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेनें १९९८ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत मुख, कंठ, अन्ननलिका व फुप्फुस यांच्या कर्करोगाशीं चिरुटाचा संबंध स्पष्ट दाखविला आहे. शेतांतहि ओलें पान हाताळणाऱ्या मजुराच्या कातडींतून विष भिनून त्याला मळमळ व चक्कर येते. जी वस्तु घडविण्यास वर्षें लागतात ती तासाभरांत राख होते आणि जातांना ओढणाऱ्याच्या आयुष्यांतून कांहीं घेऊन जाते. चवीचें कौतुक करणाऱ्यानें ही किंमत झांकून ठेवणें हें कारागिराशीं इमान राखणें नव्हे.

मग अशा वस्तूच्या कलेस मान द्यावा कीं नाहीं? बोनोनें दिलेली कसोटी येथें उपयोगीं पडते. त्यानें तंबाखूची थोरवी धुरावरून ठरविली नव्हती; एका पिकावर किती लहान चुली पेटतात, हें त्यानें पाहिलें होतें. सिबाओंतील सहस्रावधि घरें आजहि या पानावर पोट भरतात. त्यांच्या हातांत निवड आहे, नजर आहे, आणि योग्य वेळ येईपर्यंत थांबण्याची शक्ति आहे. जग तंबाखूपासून जसजसें दूर जाईल, तसतसा या घरांपुढें भाकरीचा प्रश्न उभा राहील, आणि तो त्यांच्या मुलांना सोडवावा लागेल. ताइनो लोकांच्या देवांप्रमाणें या कारागिरांचीं नांवेंहि कालांतरानें विसरलीं जातील. म्हणून ज्यानें आयुष्यांत कधीं चिरूट पेटविला नाहीं व पेटविणारहि नाहीं, त्यानेंहि तें सांधा न दिसणारें वेष्टण एकदां हातांत धरून पाहावें. त्याच्या आंत कोणा शेतकऱ्याचा हंगाम, कोठारांतील दक्षता आणि कोणा बाईच्या किंवा बुवाच्या बोटांचें ज्ञान गुंडाळलेलें असतें. तें ओळखण्यास काडी ओढावी लागत नाहीं.